काळा मोतिया पिकत नाही

ग्वाल्हेरात डोळ्यांच्या दोन अगदी वेगळ्या आजारांना जवळजवळ एकच नाव आहे. मोतीबिंदूला तिथे 'सफेद मोतिया' म्हणतात आणि काचबिंदूला 'काला मोतिया'. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच आजाराचे हे दोन रंग. मराठीत आपण थोडे बरे, पण फार नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू, 'बिंदू' दोन्हीकडे आहेच. इंग्रजीतले कॅटरॅक्ट आणि ग्लॉकोमा हे शब्द मात्र कानाला पूर्ण वेगळे लागतात, त्यामुळे तिथे हा गोंधळ निदान नावापासून तरी सुरू होत नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, मेडिकलची नाही. आमचं घर मूळ वसईचं, पण पप्पांच्या नोकरीमुळे मी वाढले ग्वाल्हेरात. त्यामुळे हे तिन्ही भाषांतले शब्द माझ्या कानावर आहेत. आणि मला वाटतं, काचबिंदूच्या बाबतीतला अर्धा घोळ भाषेचा आणि समजुतीचा आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवली, की गेलेली नजर परत येते. मोतीबिंदूपुरतं ते खरं आहे. पण तीच समजूत काचबिंदूला लावली की माणूस वाट बघत बसतो आणि बसल्या जागी आंधळा होतो. आपली शिबिरं, आपल्या देणग्या, सरकारी योजना आणि आपलं कौतुकसुद्धा याच एका समजुतीवर बेतलेलं आहे. ते बदलायला हवं, एवढंच मला या लेखात म्हणायचंय.

आधी फरक समजून घेऊ. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. वयोमानाने ते गढूळ होतं, तो मोतीबिंदू. गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवलं की प्रकाश पुन्हा आत जातो. मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस शाबूत असेल तर माणसाला पुन्हा छान दिसायला लागतं.

काचबिंदूत बिघाड होतो तो त्या नसेतच. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून वाहून जातं. (अश्रूंचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळे.) ही वाट तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि त्या दाबाने नसेतले तंतू हळूहळू मरायला लागतात. एका डोळ्याच्या नसेत असे साधारण दहा-बारा लाख तंतू असतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करणारं औषध किंवा ऑपरेशन आज जगात कुठेही नाही.

बरं, दुखत काहीच नाही. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेला मेंदू आपल्या अंदाजाने भरतो. म्हणून माणूस पेपर वाचू शकतो, टीव्ही बघू शकतो, डॉक्टरकडच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचू शकतो. मात्र तोच माणूस दाराच्या चौकटीवर आपटतो, जिन्याची पायरी चुकतो, आणि बाजूने आलेली स्कूटर त्याला दिसत नाही. घरातले म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्ष जागेवरच असतं, नजर गेलेली असते.

काचबिंदूचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात पाण्याची वाट अचानक बंद होते. मग डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसतात, उलट्या होतात. घरच्यांना वाटतं पित्त झालंय किंवा अर्धशिशी आहे. हा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो आणि तो आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचावं लागतं.

तपासणीबद्दलही एक गैरसमज आहे. 'प्रेशर नॉर्मल आलं' म्हणून लोक निर्धास्त होतात. पण दाब नॉर्मल असूनही नस खराब होत असलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी २००६ ते २००८ या काळात ग्रामीण विदर्भात ४,७११ लोकांचे डोळे तपासले होते. त्यात असं दिसलं की कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, सरासरी ५१४ मायक्रॉन जाडीची आहे. पाश्चात्त्य देशांत दिसणाऱ्या सरासरीपेक्षा ही बरीच पातळ. आणि काच पातळ असली की यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं. म्हणून नुसता आकडा बघून भागत नाही. बाहुली मोठी करून नस बघावी लागते आणि कडेच्या नजरेची वेगळी चाचणी करावी लागते. तिला फील्ड टेस्ट म्हणतात.

आता 'पिकण्या'कडे येते. "अभी पका नहीं है" हे वाक्य ग्वाल्हेरच्या प्रत्येक आजी-आजोबांना माहीत आहे. मराठीतही आपण मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणतो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भिंग चांगलं घट्ट होईपर्यंत थांबणं सोयीचं असायचं, तेव्हापासून हा शब्द रुळला. आजच्या पद्धतीत मोतीबिंदूलासुद्धा पिकायची वाट बघायची गरज नसते. काचबिंदूला तर ती कधीच नव्हती. पण 'मोतिया' म्हटलं की 'पिकणं' मागोमाग येतंच, कारण भाषेत शब्द एकटे राहत नाहीत.

लष्करात आमच्या गल्लीत एक काका राहतात. तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी एक घर त्यांचं. रिटायर्ड, रोज सकाळी फिरायला जाणारे, गणपतीत आरत्या सगळ्यात मोठ्याने म्हणणारे. एका शिबिरात त्यांना 'काला मोतिया' सांगितला आणि चिठ्ठीवर थेंब लिहून दिले. काकांनी पहिली बाटली संपवली, फरक काही वाटला नाही, म्हणून दुसरी आणलीच नाही. मोतियाच तर आहे, पिकला की करू ऑपरेशन, असा त्यांचा हिशोब. दोन-अडीच वर्षांनी ते पुन्हा दाखवायला गेले, तेव्हा एका डोळ्याची नजर गेली होती आणि दुसऱ्याची एखाद्या नळीतून बघावं तेवढी उरली होती. मला म्हणाले, "बेटा, मी तर तयारच होतो ऑपरेशनला. पैसेसुद्धा बाजूला काढून ठेवले होते." काकू बाजूला बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलंच नाही गं, की हा मोतिया तो मोतिया नाही."

यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं. फक्त एक वाक्य सांगायचं राहिलं, की गेलेली नजर परत येणार नाही, हे थेंब उरलेली नजर राखायला आहेत. काकांसारखा शिकलेला, शिस्तीचा माणूस ते वाक्य ऐकून थेंब चुकवणारा नव्हता. त्यांना दोष देणं मला सोपं वाटतं आणि चुकीचंही.

शिबिरांवर मी टीका करतेय असं कोणी समजू नये. आपल्या देशाने अंधत्वाशी जी लढाई दिली, त्यात शिबिरांचा वाटा मोठा आहे. आमच्या मध्य प्रदेशातच चित्रकूटला १९५० पासून नेत्रशिबिराची परंपरा आहे. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून जास्त मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. या सगळ्यामुळे लाखो आजी-आजोबांनी आपल्या नातवंडांची तोंडं पाहिली. हे छोटं काम नाही.

पण याच यशाने आपल्या मनात बरं होण्याचं एकच चित्र बसवलं. डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, म्हातारीला दिसतं, सगळे टाळ्या वाजवतात. आम्ही ख्रिस्ती मुलं चर्चमध्ये लहानपणापासून बार्तीमयाची गोष्ट ऐकतो, तिथेही आंधळ्याला त्याच क्षणी दिसायला लागतं. पण शुभवर्तमानात दहा कुमारिकांचा दाखलाही आहे. त्यातल्या पाच जणी शहाण्या होत्या, त्यांनी दिव्यासाठी तेल राखून ठेवलं होतं. काचबिंदूचा रुग्ण या दुसऱ्या गोष्टीतला आहे. त्याचं काम रोज रात्री नऊ वाजता एक थेंब घालण्याचं आहे, वर्षानुवर्षं. त्याचा फोटो कुठल्या पेपरात छापून येत नाही.

उपचार नाहीत असं मात्र अजिबात नाही. उलट या आजाराच्या उपचारांचा इतिहास वाचताना मी थक्क झाले. १८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा छोटा तुकडा काढून अचानक येणाऱ्या काचबिंदूचा दाब उतरवून दाखवला. त्याआधी या आजारापुढे डॉक्टर हात टेकत. १८७० च्या दशकात दाब उतरवणारे पहिले थेंब आले. १९०९ मध्ये आपल्याच मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट या सर्जनने डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बारीक गोल छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देण्याची पद्धत सुरू केली. ती पुढे जगभर वापरली गेली. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी आणली. यात छिद्रावर झडपेसारखा पापुद्रा ठेवतात, म्हणजे पाणी एकदम वाहून जात नाही. आजही ही शस्त्रक्रिया या आजारातली मुख्य शस्त्रक्रिया मानली जाते. ती टिकत नसेल तर डोळ्यात बारीक नळी बसवतात. ही नळी परदेशातून आणली तर महाग पडते, म्हणून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने स्वस्त भारतीय नळी तयार केली.

थेंबांमध्ये १९७० च्या दशकाअखेर टिमोलॉल आलं, १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट. ही दोन्ही औषधं आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अचानक बंद होणाऱ्या प्रकारात लेसरने बुबुळाला बारीक भोक पाडतात. संथ प्रकारात दुसरा लेसर जाळीवर मारतात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधल्या (युनायटेड किंग्डम) ७१८ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना सुरुवातीलाच हा लेसर दिला, त्यांतल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज लागली नव्हती. हा लेसर प्रत्येकाला चालत नाही, अरुंद वाटेच्या डोळ्यांना तर नाहीच. पण 'काचबिंदू झाला, आता काही उपयोग नाही' हे म्हणणं किती चुकीचं आहे ते यावरून कळावं. वेळेत सापडलेला काचबिंदू बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर रोखून धरता येतो.

फक्त या सगळ्या यादीत एक गोष्ट समान आहे. १८५७ पासून आजपर्यंतचा प्रत्येक उपाय दाब उतरवतो. गेलेलं परत आणत नाही. इंग्रजीच्या वर्गात आपण जेम्स जॉइसचं नाव ऐकतो. १९१७ मध्ये झुरिकमध्ये काचबिंदूसाठी त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या तेरा वर्षांत दोन्ही डोळ्यांवर मिळून आणखी कितीतरी. 'युलिसिस' १९२२ मध्ये आली, म्हणजे ती या आजारपणातच पुरी झाली. त्याच्याकडे युरोपातले नावाजलेले डॉक्टर होते. तरी पुढे त्याला मोठाली अक्षरं काढून, रंगीत खडूने लिहावं लागत होतं. आज आपल्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली औषधं आहेत. ती वेळेवर आणि रोज डोळ्यात पडत नाहीत, ही आपली अडचण आहे.

यावर कोणी म्हणेल, देशात मोतीबिंदूचे रुग्णच जास्त आहेत, मग पैसा तिथे जाणारच. हा मुद्दा खरा आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्क्यांच्या अंधत्वाला मोतीबिंदू कारणीभूत होता आणि काचबिंदू सुमारे साडेपाच टक्क्यांना. पण अशा सर्वेक्षणात अंधत्व मोजतात ते तक्त्यावरची अक्षरं किती लांबून दिसतात त्यावरून, म्हणजे मधल्या नजरेवरून. आणि काचबिंदू मधली नजर शेवटी खातो. आमच्या काकांच्या चांगल्या डोळ्याला त्या तक्त्यावर बऱ्यापैकी गुण मिळाले असते, पण रस्ता एकट्याने ओलांडता आला नसता. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा एक अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. देशातल्या पाहण्यांत सापडलेल्या काचबिंदूच्या दर दहा रुग्णांपैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे हे आधी माहीतच नव्हतं. शिवाय मोतीबिंदूमुळे अंध झालेल्या माणसावर उद्या, परवा किंवा पुढच्या वर्षी उपचार करता येतो. काचबिंदूच्या रुग्णाचा प्रत्येक वाया गेलेला महिना कायमचा जातो. म्हणजे घाई कुठे जास्त हवी?

पैशाची रचनासुद्धा बघा. २०१८ पासूनची आयुष्मान योजना दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देते. भरतीनंतरच्या पंधरा दिवसांची औषधंही देते. पण काचबिंदूचा बहुतेक रुग्ण भरती होतच नाही. त्याला महिन्याला एक-दोन बाटल्या लागतात, आयुष्यभर. सरकारी दवाखान्यात थेंब मोफत मिळतात, पण ते साठ्यात असतील तेव्हा. भिंड, मुरैना, दतियाहून लोक ग्वाल्हेरला डोळे दाखवायला येतात. ते एकदा येतात, निदान होतं, बाटली मिळते. दुसऱ्या बाटलीसाठी पुन्हा बसभाडं आणि एक दिवसाची मजुरी घालवायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. थेंबाने बरं वाटत नाही, उलट डोळा चुरचुरतो. मग बाटली बंद होते. याला आपण 'पेशंटचा निष्काळजीपणा' म्हणतो. मला तरी हा शब्द पटत नाही.

थेंब घालण्यातही अडचणी आहेत. म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरतात, अर्धे थेंब गालावर पडतात. डॉक्टर सांगतात ती पद्धत सोपी आहे. मान मागे टाकून खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. काही बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत टाकून द्याव्या लागतात. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. तिथे खिडकीत ठेवलेल्या बाटलीचं काय होत असेल? दमा असलेल्या माणसाने टिमोलॉलच्या आधी डॉक्टरला तसं सांगायलाच हवं. या गोष्टी कुठल्या तरी कागदावर, रुग्णाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या.

आता आपल्या वयाच्या लोकांसाठी. काचबिंदू म्हाताऱ्यांचाच असतो असं समजू नका. उन्हाळ्यात धूळ उडते, डोळे खाजतात, लाल होतात. आपण मेडिकलच्या दुकानात जातो, 'आँख का ड्रॉप' मागतो, आणि दुकानदार जो देतो त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळे स्वच्छ. मग दर वेळी तीच बाटली. स्टेरॉइडचे थेंब महिनोनमहिने वापरले तर काही लोकांच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि विशी-पंचविशीतही नस खराब होते. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने असे थेंब वर्षभर वापरले. चष्म्याचा नंबर काढायला गेली तेव्हा दाब वाढलेला सापडला, वेळेत सापडला म्हणून निभावलं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपलीकडे ती वापरू नका. ही औषधं वाईट नाहीत, ऑपरेशननंतर तीच लागतात. पण ती स्वतःच्या मनाने घ्यायची नसतात.

'आधी पकडा, मग राखा' हा नियम फक्त काचबिंदूचा नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा आजार असाच गुपचूप येतो. त्याला लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रियाही आहे. पण तिथेही हे उपाय मुख्यतः आजाराला थोपवतात, फार उशीर झाला तर हाती थोडंच लागतं. घरात शुगरचा पेशंट असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवीच, दिसायला सगळं ठीक असलं तरीही.

मग काय करावं? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, शिबिरात मोतीबिंदू शोधताना नसही बघितली जावी. आणि काचबिंदू निघाला तर त्या माणसाला वेगळ्या रंगाचं कार्ड द्यावं, ज्यावर त्याच्या भाषेत लिहिलं असेल : हा पिकत नाही, गेलेली नजर येत नाही, थेंब थांबवू नका. 'काला मोतिया' हा शब्द एका दिवसात जाणार नाही, पण त्याच्याबरोबर हे वाक्य जोडता येईल.

दुसरी, यशाचा हिशोब बदलावा. अमुक ऑपरेशनं झाली हा आकडा आपण छापतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा हवा : गेल्या वर्षी सापडलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी किती जण आजही थेंब घेतायत? जयारोग्यसारखं मोठं सरकारी रुग्णालय आणि गजराराजा मेडिकल कॉलेज ज्या शहरात आहे, तिथे हा हिशोब ठेवणं अशक्य नसावं.

तिसरी, देणाऱ्यांनी थेंब द्यावेत. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, लेंटच्या काळात लोक एका ऑपरेशनचा खर्च देतात. तसाच एका रुग्णाचा वर्षभराच्या थेंबांचा खर्च द्यायची पद्धत पडायला हरकत काय? त्यात पट्टी सोडायचा समारंभ नाही, हे मान्य. पण नजर तेवढीच वाचते.

चौथी गोष्ट घरची. काचबिंदूच्या रुग्णाच्या सख्ख्या भावाबहिणींना आणि मुलांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून घरात एकाला निघाला की बाकीच्यांनी तपासून घ्यावं. आणि चाळिशीत जवळचा चष्मा लागतो तेव्हा दुकानातून नुसता नंबर काढून न आणता एकदा डॉक्टरकडून नसही बघून घ्यावी.

आपल्या वाङ्मय मंडळाकडेही माझी एक मागणी आहे. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह येतो. आपल्याला पोस्टर करता येतात, घोषवाक्यं सुचतात, सोपं लिहिता येतं. तर या वर्षी एक पानभर मजकूर साध्या मराठीत आणि साध्या हिंदीत तयार करू या. थेंब कसे घालायचे, कधी घालायचे, का थांबवायचे नाहीत, एवढंच. डॉक्टरांकडून तपासून घेऊ आणि जवळच्या दवाखान्यांना देऊ. एन.एस.एस.ची मुलं मदत करतीलच. मी हिंदी मजकुराची जबाबदारी घेते आणि सुट्टीत जाताना त्याच्या प्रती ग्वाल्हेरला नेते.

आणि तुम्ही सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात एकदा डोकवा. डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल तर ती कधी उघडली आणि आज घातली का, हे विचारा. "मोतियाच आहे, पिकला की बघू" असं उत्तर आलं तर कोणता मोतिया, हे त्याच आठवड्यात डॉक्टरकडून विचारून घ्या.